कानातली सुरळी

उजव्या कानाला हात लावू नका. खाज सुटली तरी नाही. वाटेत ओळखीचं कोणी भेटलं, रामराम झाला, तरी हात कानाकडे जाता कामा नये.

सन १७८१, ऑगस्टचा तिसरा आठवडा, भर पावसाळा. तुम्ही बनारसेत हरकारे आहात. एरवी तुमच्या कानांत सोन्याच्या जाड बाळ्या असतात. पण वाटेवर लुटारूंचं भय. म्हणून लांबच्या प्रवासाला निघताना बाळ्या घरी काढून ठेवायच्या आणि पाळीचं भोक बुजू नये म्हणून त्यात पिसाची नळी नाहीतर कागदाची सुरळी खोचायची, ही सगळ्यांचीच रीत. असे कान पावलोपावली दिसतात, म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. आज तुमच्या कानातली सुरळी मात्र आतल्या अंगाने लिहिलेली आहे. लिहिणारा आहे गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज, आणि तो माधोदासच्या बागेत अडकून पडला आहे.

झालं असं, की पैशांच्या मागणीवरून त्याने १६ ऑगस्टला राजा चैतसिंहाला शिवाला घाटावरच्या त्याच्याच वाड्यात कैद केलं. पहाऱ्याला शिपायांच्या दोन कंपन्या ठेवल्या, पण त्यांच्याजवळ दारूगोळाच नव्हता. पलीकडच्या रामनगरहून राजाची माणसं नदी ओलांडून आली आणि त्यांनी पहारा कापून काढला. त्या गर्दीत राजा खिडकीतून, फेट्याला फेटा बांधून केलेल्या दोराने, पुराच्या पाण्यापर्यंत उतरला आणि नावेतून निसटला. आता अख्खं शहर राजाच्या बाजूने रस्त्यावर आहे आणि बागेत साहेबाजवळ मूठभर माणसं.

तुम्ही शिवाल्याच्या गल्लीतून निघाला आहात. चिखलात पाय रुततात. तोंडासमोर तरवार आडवी येते. कुठला रे तू? कुठे निघालास? गाठोड्यात काय आहे? गाठोडं सुटतं. सातूचं पीठ, गूळ, एक धोतर. पागोटं उलगडून झटकलं जातं, जोड्यांचे तळ चाचपले जातात, कमरेचा कसा उलटा होतो. झडती घेणाऱ्याचा चेहरा तुमच्यापासून वीतभर अंतरावर आहे. त्याच्याही कानाला भोक आहे आणि त्याच्याही भोकात नळी. "जा," तो म्हणतो.

सुरळीत काय आहे ते तुम्हाला ठाऊक नाही. अशा सुरळ्या घेऊन आणखीही काही जण बागेतून बाहेर पडलेत. साठ वर्षांनी मेकॉले हेस्टिंग्जवर निबंध लिहील, त्यात ही हकीकत येईल. काही चिठ्ठ्या इंग्रजी फौजांच्या अंमलदारांना होत्या. एक बायकोला, मी सुखरूप आहे म्हणून कळवणारी. आणि एक मराठ्यांशी तहाची बोलणी करायला धाडलेल्या वकिलाला. भोवती शहर पेटलेलं असताना हा माणूस मराठ्यांशी काय बोलायचं ते चिटोऱ्यावर लिहीत होता. ऑक्टोबरच्या १३ तारखेला कर्नल म्यूर आणि महादजी शिंदे यांचा तह झाला, आणि पुढच्या मे महिन्यात सालबाईचा. पुण्याच्या दरबारी घडामोडींचा एक धागा असा बनारसच्या चिखलातून, कुणा अनाम माणसाच्या कानाच्या पाळीतून गेलेला आहे.

मला त्या झडतीपाशी थोडं रेंगाळायचं आहे. चिठ्ठी उघडून वाचायची गरजच नव्हती. बागेच्या फाटकासमोर एखाद्या पानवाल्याला बसवून एवढंच मोजायला सांगितलं असतं, की किती माणसं बाहेर पडली, किती वाजता, कोणत्या दिशेला, आणि त्यांतल्या किती जणांच्या बाळ्या काढलेल्या होत्या, तर साहेब किती घाबरला आहे आणि मदत कुठून मागतो आहे हे एका अक्षराला हात न लावता कळलं असतं. आज याला मेटाडेटा म्हणतात. फोनवर काय बोललात ते बाजूला ठेवा. कुणाला केला, कधी, किती वेळ, कोणत्या टॉवरखालून, एवढं पुरतं. रस्ता अडवून गाठोडी सोडणाऱ्याने वस्तू तपासल्या. माणसांचा मेळ त्याने घातला नाही.

२१ ऑगस्टच्या रात्री हेस्टिंग्ज चुनारला पळाला. घोड्यावर हौदा आणि हत्तीवर खोगीर चढवून पळाला, अशी थट्टा बनारसी माणूस अजून करतो. राजाचंही राज्य गेलं. चैतसिंह शेवटी शिंद्यांच्या आश्रयाला ग्वाल्हेरला राहिला आणि १८१० साली तिथेच वारला.

आता कान मोकळा करा आणि खिसा चाचपा. खिशात फोटो आहे.

सन १९१४, थंडीला सुरुवात झाली आहे. तुम्ही सरकारचे साध्या कपड्यांतले पोलीस आहात आणि बनारसच्याच बंगाली टोल्याच्या आसपास तुमची पाळत आहे. फोटोतल्या माणसाचं नाव रासबिहारी बोस. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेतला हेडक्लार्क. २३ डिसेंबर १९१२ ला दिल्लीच्या चांदणी चौकात व्हाइसरॉय हार्डिंगवर बॉम्ब पडला, त्यामागचा हा माणूस. डोक्यावर इनाम आहे. फोटोच्या प्रती देशभर वाटल्या गेल्यात.

तुमच्या पाठीशी त्या काळातली उत्तमातली उत्तम यंत्रणा उभी आहे. सिमल्याला १९०४ पासून गुन्हे गुप्तवार्ता विभाग आहे, आजच्या इंटेलिजन्स ब्युरोचा पूर्वज. कलकत्त्यात १८९७ पासून बोटांच्या ठशांचं कार्यालय आहे. अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांनी ठशांच्या वळणांवरून अशी गणिती पद्धत बसवली, की कपाटाला ३२ गुणिले ३२, म्हणजे १,०२४ खण करायचे आणि कुठलाही ठसा आला तरी त्याचा खण काही क्षणांत सापडला पाहिजे. संगणकाच्या फार आधी, लाकडी कपाटात बसवलेली ही शोधयंत्रणा. तिचं श्रेय पुढे हेन्री नावाच्या साहेबाच्या नावावर जमा झालं, याचं मला आजही वाईट वाटतं.

रात्र पडते. गल्लीत बंगाली ऐकू येतं, तळलेल्या माशांचा वास येतो. अंगाला शाल लपेटलेला एक माणूस भरभर चालत तुमच्या शेजारून जातो. व्यायामाला निघाल्यासारखा. तुम्ही बाजूला सरून त्याला वाट देता.

तोच तो होता. १९१८ साली न्यायमूर्ती रौलट यांच्या समितीने अहवालात लिहून ठेवलं, की इनाम लागलेलं असताना, फोटो सर्वत्र वाटलेले असताना, रासबिहारी १९१४ चा बहुतेक काळ बनारसमध्ये राहिले आणि पोलिसांना बहुधा पत्ता नव्हता. कारणही त्याच अहवालात दिलं आहे. या शहरात एकेका प्रांताची माणसं आपापल्या मोहल्ल्यात राहतात, आणि बंगाली टोल्यात नवं कोण आलं हे बंगाली नसलेल्या पोलिसाला ओळखता येत नाही. रासबिहारी रात्री व्यायामाला बाहेर पडत, हेही तिथे नोंदलेलं आहे. नंतरची नोंद, अर्थात. १,०२४ खणांच्या कपाटाला एक खण कमी पडला होता: गल्लीतल्या चहावाल्याशी त्याच्या बोलीत दोन शब्द बोलणारा माणूस.

याच काळात रासबिहारींकडे एक मराठी तरुण येऊन गेला. विष्णू गणेश पिंगळे, पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेऱ्याचे. अमेरिकेहून गदर पक्षाच्या शीख साथीदारांबरोबर नोव्हेंबर १९१४ मध्ये परतलेले. चार हजार माणसं उठावासाठी आली आहेत, अशी बातमी त्यांनी रासबिहारींना दिली. ब्रह्माघाट, दुर्गाघाटाकडे पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरं असलेल्या या शहरात एका मराठी तरुणाकडे कोण वळून बघणार, असं मला वाटतं. उठाव २१ फेब्रुवारी १९१५ ला ठरला, फितुरीची शंका आली म्हणून १९ वर आला, आणि तरी फुटला. ना ठशाने, ना फोटोने. कृपाल सिंग नावाचा माणूस आत बसून पोलिसांना सांगत होता. पिंगळे २३ मार्चला मेरठच्या घोडदळाच्या छावणीत बॉम्बच्या पेटीसह पकडले गेले. १६ नोव्हेंबरला लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभांबरोबर त्यांना फाशी झाली. रासबिहारी त्याआधी मे महिन्यात पी. एन. टागोर या नावाने जपानच्या बोटीत बसले होते.

आणि तुम्ही, पाळतीवरचे पोलीस, गल्लीच्या तोंडाशी उभे राहून मनातून काय म्हणत होतात? आम्हाला कळू देऊ नकोस, असंच ना? मीही तेच म्हणतो. तळेगावचा तो मुलगा निसटायला हवा होता. पण ज्या यंत्रणेने हरावं म्हणून इथे आपण जीव मुठीत धरला, तिचीच वारस असलेल्या यंत्रणेने थोड्याच वेळात जिंकावं म्हणून जीव तोडणार आहोत. सरकारी कागदावर दोन्हीकडच्या माणसांना शब्द एकच पडतो: दहशतवादी. यंत्राला दोहोंतला भेद कळत नाही. तो करण्याची जबाबदारी ज्यांच्या हाती ते यंत्र असतं त्यांची, आणि त्यांना निवडणाऱ्या आपली.

७ मार्च २००६, मंगळवार. बनारसच्या संकटमोचनला मारुतीच्या दर्शनाची रांग लागली आहे, आवारात लग्नाचं वऱ्हाड आहे. इथे मी तुम्हाला फार वेळ उभं करणार नाही. स्फोट इथे होतो, मग कँट स्टेशनवर. वीसहून अधिक माणसं जातात. मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र काशी हिंदू विश्वविद्यालयात जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक होते, गंगेच्या पाण्यातल्या जंतूंची मोजदाद करणारे आणि त्याच पाण्यात रोज बुडी मारणारे. त्यांनी त्याच संध्याकाळी आरती केली, शहराला शांत राहायला सांगितलं. मुफ्ती अब्दुल बातिन नोमानी त्यांच्या बरोबरीने उभे राहिले. दंगल झाली नाही. स्फोट घडवणाऱ्यांना जे हवं होतं ते या दोघांनी त्यांना मिळू दिलं नाही. खटल्याचा निकाल जून २००६ मध्ये लागला नाही, २०१६ मध्येही नाही. लागला तो जून २०२२ मध्ये, गाझियाबादच्या न्यायालयात. फाशीची शिक्षा झाली. मधे सोळा वर्षं गेली.

७ डिसेंबर २०१०. पुन्हा मंगळवार. साडेसहा वाजून गेले आहेत, दशाश्वमेधाला लागून असलेल्या शीतला घाटावर आरती चालू आहे. धूप, घंटा, सात सात थरांचे दिवे. पायऱ्यांवर आईच्या मांडीवर एक चिमुरडी आहे. धातूच्या एका डब्याकडे कोणाचंच लक्ष नाही. घाटावर दुधाचे डबे, पाण्याचे डबे, तेलाचे डबे असतातच.

त्या चिमुरडीचं नाव मी इथे घेणार नाही. ती गेली. तीसहून अधिक लोक जखमी झाले, त्यांत परदेशीही होते.

आता तुम्ही घाटावरून एकदम मुंबईत, रात्रीच्या पाळीला, संगणकापुढे आहात. वृत्तसंस्थांना मेल आली आहे. इंडियन मुजाहिदीनच्या नावाने जबाबदारी घेतलेली. मेलमधला मजकूर तुम्ही बाजूला सारता. तो फुशारकीचा असतो. तुम्ही मेलचं पोट उघडता. प्रत्येक मेलच्या आड तिचा प्रवास लिहिलेला असतो, एकावर एक थर, आणि तो खालून वर वाचायचा. तळाची ओळ सगळ्यात जुनी. पोस्टाच्या पाकिटावर गावोगावचे शिक्के असावेत तसं. पाठवणाऱ्याच्या जोडणीचा मूळ आकडा, म्हणजे आयपी पत्ता, तिथे नसेल तर मेल कंपनीकडे मागायचा. तो मिळाला, की इंटरनेट देणाऱ्या कंपनीला विचारायचं: या मिनिटाला हा आकडा कुणाच्या नावावर होता?

या मिनिटाला. इथे हात थरथरायला हवा. हे आकडे भाड्याच्या खोल्यांसारखे फिरत असतात. सकाळी एकाकडे, दुपारी दुसऱ्याकडे. नोंद बहुधा जागतिक वेळेत असते. आपण साडेपाच तास पुढे. बेरीज राहिली, की तुम्ही भलत्याच घराचं दार ठोठावता. २००७ साली समाजमाध्यमावरच्या एका मजकुराच्या तपासात बंगळूरच्या एका तरुणाला असंच पुण्याला आणलं गेलं. पत्त्याची माहितीच चुकीची होती. तो पन्नास दिवस येरवड्यात होता. एका आकड्याची चूक, आणि पन्नास दिवस. माहितीच्या विश्लेषणाबद्दल बोलताना हा माणूस मला कधी विसरता येत नाही, आणि शिकाऊ अधिकाऱ्यांना पहिल्या दिवशी त्याची गोष्ट सांगितली पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

उत्तर येतं. वाशी, नवी मुंबई.

बनारसच्या घाटावर स्फोट आणि मेल वाशीहून. महानगरी एक्सप्रेसला हे अंतर कापायला दिवसाहून जास्त लागतो. तुम्ही त्या दारात उभे राहता. दार उघडणारं कुटुंब आपल्यातलंच आहे: कोपऱ्यात चपला, भिंतीवर दिनदर्शिका, टीव्हीवर बनारसचीच बातमी. राउटरचा हिरवा दिवा लुकलुकतो आहे. त्याला पासवर्ड नाही. खाली रस्त्यावर उभं राहून कुणीही त्यांचं वायफाय वापरू शकत होतं, आणि कुणीतरी वापरलं. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधीची मेल अशीच सानपाड्यातल्या एका परदेशी माणसाच्या वायफायवरून गेली होती, आणि त्याचा त्यात काही हात नव्हता. १७८१ चा हरकारा निदान जाणून निघाला होता. या घरातल्यांच्या कानात सुरळी कुणी खोचली हे त्यांना पोलीस आल्यावर कळलं.

इथे धागा संपतो. पण तुम्ही वर्षभर मागे जाऊन पाहा. डिसेंबर २००९, कोलकाता. दुसऱ्याच एका प्रकरणात एक तरुण पोलिसांच्या हाती लागतो. नाव भलतंच सांगतो. जामिनावर सुटतो. तो इंडियन मुजाहिदीनचा यासीन भटकळ होता, हे पुढे उघड झालं. कोठडीत माणूस होता, दुसऱ्या राज्यांच्या कागदांत त्याचा शोध होता, आणि मधे फक्त राज्यांच्या सीमा होत्या. त्याच सुमाराला, २३ डिसेंबर २००९ ला, गृहमंत्री पी. चिदंबरम दिल्लीत इंटेलिजन्स ब्युरोच्या व्याख्यानात हेच दुखणं सांगत होते: प्रत्येक खात्याजवळ आपापली माहिती, एकाची दुसऱ्याला खबर नाही. त्यावर उपाय म्हणून नॅटग्रिड मांडलं गेलं, रेल्वे, विमानप्रवास, बँक, कर, फोन अशा २१ प्रकारच्या नोंदी ११ यंत्रणांना एका खिडकीतून दिसाव्यात म्हणून. तत्त्वतः मंजुरी मिळायला जून २०११ उजाडला. मधल्या काळात, १३ फेब्रुवारी २०१० ला, पुण्यात कोरेगाव पार्कच्या जर्मन बेकरीत स्फोट झाला आणि १७ जण गेले. मग शीतला घाट. भटकळ पकडला गेला २०१३ च्या ऑगस्टअखेरीस, नेपाळच्या सीमेवर.

अमेरिकेचंही वेगळं नव्हतं. ११ सप्टेंबरच्या अपहरणकर्त्यांपैकी दोघे सीआयएला जानेवारी २००० पासून क्वालालंपूरच्या बैठकीमुळे माहीत होते. नजरयादीत त्यांची नावं गेली ऑगस्ट २००१ मध्ये. त्यातूनच ठिपके आणि रेषा जोडणारी सॉफ्टवेअर तिकडे उभी राहिली, पॅलंटिरसारखी, जिच्यात सीआयएच्या गुंतवणूक कंपनीनेही पैसे घातले. आपण भिंतीवर टाचण्या आणि दोरा लावायचो, ते आता पडद्यावर दिसतं. चांगलं आहे. ते हवंच. पण दोन ठिपक्यांमधली रेषा दिसायला जेवढी सोपी झाली तेवढी ती चुकीची काढणंही सोपं झालं, आणि चुकीच्या रेषेच्या टोकाला येरवड्याची कोठडी असते.

आजची संध्याकाळ. मी तुम्हाला पुन्हा दशाश्वमेधावर आणतो, बाळाजी बाजीराव पेशव्यांच्या काळात बांधलेल्या घाटावर. खांबांवर कॅमेरे आहेत, त्यांची दृश्यं सिगऱ्याच्या नियंत्रण केंद्रात जातात. तिथल्या भिंतीवर या क्षणी तुम्हीही असाल, गर्दीत नखाएवढे. पायऱ्यांच्या तोंडाशी महिला पोलीस पिशव्या बघते आहे. तुमच्या पिशवीत संकटमोचनचे लाल पेढे, एक शाल, आणि तळाशी देवघरासाठी घेतलेला गंगेचा गडू. तांब्याचा, तोंड झाळून पक्कं बंद केलेला.

पेढे ती बघून बाजूला ठेवते. शाल चाचपते. गडू हातात घेऊन थांबते. तो उघडता येत नाही, आणि ही मराठी माणसं तो बंदच गावी नेतात, पुढे वर्षानुवर्षं बंदच ठेवतात, हे तिला ठाऊक आहे. मागची रांग कुरकुरते. ती घाई करत नाही. तुमच्या चेहऱ्याकडे एकदा बघते, गडूचं वजन तळहातावर तोलते, मग तो कानाजवळ नेऊन हलकेच हलवते. डोळे मिटून ऐकते.

आत पाणी हलतं.

"जाइए, माताजी के पास भीड़ कम है," ती म्हणते आणि गडू तुमच्या हातात देऊन पुढच्या पिशवीकडे वळते.